पासोडी, वाकळ आणि फलक : दिलेल्या कापडाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव जगाच्या इतिहासात प्रथम येते ते कापडामुळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेला आणि 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ओळखला जाणारा वृत्तांत प्रसिद्ध आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, तेथून साधे भरड कापड विपुल प्रमाणात, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि 'मोलोखिना' नावाचे आणखी एक कापड भडोचच्या बंदराकडे जाते, अशी नोंद त्यात आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे प्रतिपादन जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली केले आणि ते पुढे सर्वमान्य झाले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातील मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती व हाडाच्या वस्तू पाहायला मिळतात. ज्या मालामुळे हे नगर रोमन जगाला ठाऊक झाले, तो माल मात्र तेथे नाही. कापड मातीत टिकत नाही. ते टिकले आहे ते व्यापाऱ्याच्या यादीत.

कापडाच्या इतिहासाची ही अडचण सर्वत्र आढळते. जे विकले गेले, ज्यावर जकात बसली, जे जहाजात चढले, त्याची नोंद झाली. धाराशिवच्या शेजारी सोलापूर आहे. तेथील पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि पुढे सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कापडाचा इतिहास लिहिता येतो, कारण त्याच्या खतावण्या आहेत. परंतु याच प्रदेशात दुसरे एक कापड सतत तयार होत आले. ते बाजारात गेले नाही. ते कोणीतरी कोणाला तरी दिले. बाळंतविड्यातील कुंची, रुखवतातील कशिदा, लेकीच्या पाठवणीत दिलेली वाकळ, आणि आता महाविद्यालयाच्या वर्गात किंवा शिक्षकांच्या खोलीत टांगलेला, मुलींनी स्वहस्ते केलेला कापडी सूचनाफलक, ही सारी त्या दुसऱ्या कापडाची रूपे होत. प्रस्तुत लेखात या 'दिलेल्या कापडा'चा विचार करावयाचा आहे. मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की या कापडावर अक्षरे आहेत, आणि ती आपण आजवर वाचलेली नाहीत.

प्रथम वस्तू पाहू. बाळंतविडा हा आपल्याकडील सर्वांत जुन्या घरगुती भेटींपैकी एक. झबले, टोपडे, दुपटे, लंगोट आणि कुंची असा त्याचा साधारण ऐवज. कुंची म्हणजे डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि पाठीवरून खाली सोडलेली झूल. ती बहुधा खणाच्या कापडाची, कडेला गोट लावलेली, कधी मणी वा लोकरीची फुले लावलेली. झबली-दुपटी मात्र मुद्दाम जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची किंवा धोतराची करीत. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडे. आजीच्या अंगावरचे कापड नातवाच्या अंगावर येई. वारसा हा शब्द आपण जमिनीसाठी आणि विचारांसाठी वापरतो. येथे तो अक्षरशः अंगाला लागलेला असे.

वाकळ किंवा गोधडी ही दुसरी वस्तू. तिची रचना तीन भागांची : खाली पाठ, मध्ये भर, वर सजविलेला पदर. भर जुन्या लुगड्यांच्या धडप्यांची आणि चिंध्यांची. हे थर जमिनीवर ताणून पसरावयाचे, मोठ्या टाक्यांनी तात्पुरते पकडावयाचे आणि मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या ओळी एकात एक चौकोन करीत मध्याकडे न्यावयाच्या. धावदोरा हा शिवणकामातील सर्वांत साधा टाका. जो शिकावा लागत नाही असे म्हणतात. परंतु एका वाकळीत असे हजारो टाके असतात आणि एका ओळीतील अंतर बिघडले तर थर सरकतात, वाकळीला गोळे येतात. ज्या वर्षी पाऊस पडला नाही त्या वर्षी शेतात काम नसे. अवर्षणप्रवण मराठवाड्यात अशी वर्षे थोडी नव्हती. वाकळ ही अशा रिकाम्या दुपारींची कमाई. तिला मोल नव्हते, कारण ती विकायची नव्हती. आणि विकायची नव्हती म्हणूनच तिच्यात किती दिवस गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तिसरी गोष्ट रुखवत. जुन्या वळणाचे रुखवत हे प्रामुख्याने फराळाचे : करंज्या, लाडू, अनारसे, शेवया, सांडगे, कुरडया. पुढे त्यात शोभेच्या वस्तूंची भर पडत गेली. भरतकाम केलेले टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, मण्यांची तोरणे, काचेच्या चौकटीत बसविलेला मोर किंवा राजहंस, लोकरीचे पडदे. वधूच्या हाताला कोणती कला आहे याचे ते मांडवातले प्रदर्शन. रुखवत उघडताना वस्तूगणिक यमकबद्ध ओळी म्हणण्याची प्रथा तर लोकसाहित्याच्या अभ्यासकांना चांगलीच परिचित आहे. येथेच वस्तू आणि वाङ्मय यांची गाठ पडते. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने राज्याच्या लोकसाहित्य समितीने स्त्रियांची गाणी, उखाणे, कहाण्या संकलित केल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ओठांवरचे शब्द अशा रीतीने उशिरा का होईना, पण कागदावर आले. कापडावरचे शब्द तसेच राहिले.

कापडावर शब्द लिहिणे ही या भूमीत नवलाची गोष्ट नव्हे. धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी जतन केलेली आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे पांघरूण. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी आपले 'पंचीकरण' ओव्या व आकृत्यांसह लिहून काढले. पंचमहाभूतांचा विचार मांडण्यासाठी या विद्वानाने पांघरूण का निवडले असेल, याचे उत्तर त्या वस्तूतच दिसते. पोथीचे पान एका वेळी एकच वाचतो. पसरलेली पासोडी अनेक जण उभे राहून पाहू शकतात. आकृती आणि ओवी एकत्र दिसतात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो एक विराट कापडी फलक आहे. वाङ्मयेतिहासात पासोडीला मानाचे स्थान मिळाले, आणि ते योग्यच आहे.

तेरच्या परंपरेतही शिवणाऱ्या हातांचा प्रवेश आहे. गोरोबा काका तेरचे, ते कुंभार. संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून त्यांनी नामदेवांना 'कच्चे मडके' ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण ज्याला कुंभाराने आपल्या व्यवसायाच्या भाषेत कच्चे म्हटले, तो शिंपी होता, आणि पुढे त्याने सुई, दोरा, कात्री, गज हीच आपल्या भक्तीची भाषा केली, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मडक्याच्या आणि सुईच्या रूपकांनी मराठी भक्तिकाव्य समृद्ध झाले. पुरुष संतांच्या हातातील सुई रूपक झाली. घरातील बाईच्या हातातील सुई मात्र 'घरकाम' राहिली. हा भेद सुईत नाही, तो पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

आता त्या घरातील सुईने लिहिलेल्या अक्षरांकडे येऊ. 'सुस्वागतम्', 'शुभविवाह', 'ॐ', 'श्री', एखादे सुवचन, वधूवरांच्या नावांची आद्याक्षरे, कधी लग्नाचे साल. भिंतीवरच्या कापडी चौकटीत, उशीच्या अभ्र्यावर, रुमालाच्या कोपऱ्यात ही अक्षरे साखळीटाक्याने किंवा फुलीच्या टाक्याने भरलेली असत. वाङ्मय म्हणून त्यांत काय आहे, असे कोणी विचारील. त्यासाठी या जिल्ह्याचा भाषिक इतिहास लक्षात घ्यावा लागेल. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. धाराशिव या नावाच्या जागी सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव आले होते, ते २०२३ साली पुन्हा धाराशिव झाले. संस्थानचा राजकारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी, आणि मुलींसाठी तर फारच थोडी. अशा काळात एखाद्या खेड्यातील मुलगी छापाच्या कापडावरून किंवा मैत्रिणीच्या नमुन्यावरून देवनागरी अक्षरे सुईने उमटवीत होती. वहीत जिचे अक्षर कधी उतरले नाही, तिचे अक्षर भिंतीवर टांगले गेले. येणारा-जाणारा ते वाचीत होता. अनेक स्त्रियांसाठी हेच पहिले जाहीर लेखन होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

त्यातही आद्याक्षरांचे विशेष. पतीचे नाव उच्चारावयाचे नाही हा संकेत; ते घ्यावयाचे तर उखाण्यात गुंफून, चारचौघांच्या आग्रहाखातर. उखाण्यावर आपल्याकडे लिहिले गेले आहे. परंतु जे नाव जिभेला वर्ज्य होते ते सुईला वर्ज्य नव्हते, ही गोष्टही तितकीच अर्थपूर्ण आहे. अभ्र्यावरची दोन अक्षरे हा उखाण्याचा मुका भाऊ होय. अक्षरांतल्या चुकाही वाचण्यासारख्या असतात. ऱ्हस्वाचे दीर्घ झालेले असते, 'श'चे 'स' झालेले असते. कारण लिहिणारी कानाने ऐकलेले, आपल्या बोलीतले मराठी भरीत असते. बोलींच्या अभ्यासकाला असा पुरावा हस्तलिखितांतही सहजी मिळत नाही.

शाळेने या कलेला एक नवे वळण दिले. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थांचे प्रारंभीचे कार्य याच शाळेत झाले. राष्ट्रीय शिक्षणाच्या विचारात हाताच्या श्रमाला आणि सूतकताईला प्रतिष्ठा होती. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नयी तालीमची मांडणी झाली आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदू मानला गेला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि 'कार्यानुभव' हा शब्द आपल्या शाळांच्या वेळापत्रकात कायमचा आला. विचार थोर होता. व्यवहारात मात्र त्याचे रूप पुष्कळदा 'टाकाऊतून टिकाऊ' असे झाले : आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, बाटलीची फुलदाणी, बांगड्यांचे तोरण. गमतीचा भाग असा की ज्या मुलीच्या घरी टाकाऊतून टिकाऊ करण्याची कला वाकळीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, तिला शाळेत ती पुस्तकातून, गुणांसाठी आणि वेगळ्या नावाने शिकविली गेली. भेट म्हणून होणारी वस्तू आता 'प्रकल्प' झाली. देणारा होता, घेणारा मात्र नाहीसा झाला.

कापडी सूचनाफलक हे याच परंपरेचे आजचे अपत्य. डी.एड., बी.एड. आणि वरिष्ठ महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी तो करतात. प्लायवुडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्यावयाचा. त्यावर कापसाचा, स्पंजाचा किंवा जुन्या चादरीचा थर द्यावयाचा. वरून खणाचे, इरकलीचे किंवा साध्या सुती साडीचे कापड ताणून बसवावयाचे आणि कडा मागे वळवून फेव्हिकॉलने किंवा बारीक खिळ्यांनी पक्क्या करावयाच्या. कापड ताणताना समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घ्याव्या लागतात, नाही तर सुरकुती पडते. मग नाड्या किंवा रिबिनी तिरक्या, एकमेकींना छेदतील अशा ओढावयाच्या आणि जेथे त्या छेदतात तेथे बटण शिवून टाकावयाचे. पत्र, छायाचित्र, वेळापत्रक, कविता, काहीही या नाड्यांखाली सरकवून ठेवता येते. टाचणीचे भोक पडत नाही. निरोप समारंभात शिक्षकांना, लग्नात मैत्रिणीला, नव्या घरात भावाला असा फलक दिला जातो. मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठीही तो होतो.

या वस्तूचे मूळ परदेशी आहे, इंग्रजी मासिकांतून आणि पुढे चित्रफितींतून ती आली, हे खरे. परंतु आमच्या भागात ती इतक्या सहजपणे का रुजली, याचे कारण तिच्या रचनेत आहे. पाठ, भर आणि वरचे कापड, हे तीन थर वाकळीचेच. तेथे धावदोरा थरांना धरून ठेवतो, येथे बटणाचा टाका. फरक इतकाच की वाकळ माणसाला पांघरते आणि फलक कागदाला. ज्या हातांनी आईच्या शेजारी बसून वाकळीचा कोपरा धरला, त्यांना फलकाचे कापड कसे ताणावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. आणि दासोपंतांच्या पासोडीने जे साधले होते, कापडावर शब्द पसरून अनेकांना एकाच वेळी दाखविणे, तेच भित्तिपत्रकाचा हा फलक लहान प्रमाणात साधतो.

या इतिहासात एक मोठी तूट आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील, विशेषतः उमरगा व आजच्या लोहारा तालुक्यातील गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगावली. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे हीच मृत्यूला कारण झाली. माणसांच्या त्या हानीपुढे वस्तूंची गणना करणे अप्रस्तुत वाटेल. पण भिंत ही या लेखाच्या विषयाचा अर्धा भाग आहे. जुन्या घरात कोनाडे होते, देवळ्या होत्या, खुंट्या होत्या. कोनाड्यावर झालर होती, खुंटीवर कशिद्याची पिशवी होती, दारावर तोरण होते. पुनर्वसनात नवी गावे वसली, घरे काँक्रीटची झाली, आखीव झाली. ती सुरक्षित आहेत, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. परंतु त्या भिंतींना कोनाडा नाही. जुन्या कापडाला टांगण्याची जागाच राहिली नाही. एका खिळ्यावर मावणारा चौकोनी फलक अशा भिंतीला सोयीचा ठरतो, हे त्याच्या लोकप्रियतेचे आणखी एक साधे कारण म्हणता येईल.

या सर्वाकडे हळवेपणाने पाहण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. रुखवत ही कला होती तशीच परीक्षाही होती. हाताला कला नाही म्हणून मुलीला बोल लागत, आणि रुखवताच्या आडून मागण्याही सरकत. वाकळीचे टाके ज्या दुपारींत पडले त्या दुपारी विश्रांतीच्या असावयास हव्या होत्या. शिवाय कशिद्याला सवड लागते, आणि सवड सर्व जातींना व वर्गांना सारखी मिळाली नाही. शेतमजूर स्त्रीच्या वाट्याला थंडी निवारणारी चिंध्यांची वाकळ आली. रेशमी दोऱ्याचा मोर तिच्या वाट्याला क्वचितच आला. तांड्यावरील बंजारा स्त्रियांच्या कांचळी-फेटियावरील आरसे-कवड्यांचे काम इतके समृद्ध, पण ते बाजारात 'एथनिक' होईपर्यंत मध्यमवर्गाने त्याकडे कला म्हणून पाहिले नाही. आज रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते. त्यामुळे एखाद्या मुलीची परीक्षेच्या अभ्यासाची वेळ वाचत असेल तर त्याबद्दल कोणी उसासे टाकू नयेत. नव्या मुली फलक करतात तो कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर एखाद्या व्यक्तीला काही द्यावेसे वाटते म्हणून. सक्ती गेली आणि देणे उरले, हा या इतिहासातील चांगला टप्पा आहे.

मग खंत कशाची? खंत आहे ती नोंदीची. विकाऊ कलांना आता मानांकने मिळतात. संडूरच्या लंबाणी भरतकामाला मिळाले, सोलापूरच्या चादरीला मिळाले. दिलेल्या कापडाला मानांकन मिळणार नाही, कारण त्याचा उत्पादक संघ नसतो. आणि वाकळीचा स्वभावच असा की ती स्वतःचा पुरावा नष्ट करते. फाटली की उसवली जाते, तिचे धडपे नव्या वाकळीच्या पोटात जातात. कोणते लुगडे कोणाचे, कोणता तुकडा कोणत्या दुष्काळाच्या वर्षाचा, हे फक्त शिवणारीला ठाऊक असते. पासोडी जतन झाली, कारण ती संताची होती. वाकळीचे संग्रहालय शिवणाऱ्या स्त्रीची आठवण हेच असते, आणि ज्यांनी निजामी राजवटीच्या अखेरीस किंवा त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत सुई हाती धरली त्या स्त्रिया आता फार थोड्या उरल्या आहेत.

मराठी विभागांना करता येण्याजोगे काम यातून स्पष्ट होते. आपण पदव्युत्तर वर्गाला हस्तलिखिताचे पाठनिर्धारण शिकवितो, लोकसाहित्याचे क्षेत्रीय संकलन शिकवितो. त्याच शिस्तीने विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एक कापडी वस्तू वाचावी. तिच्यावर कोणती अक्षरे आहेत, ती कोणत्या टाक्याने भरली आहेत, नमुना कोठून आला, कोणी कोणाला आणि कोणत्या प्रसंगी ती दिली, भरणारीला लिहिता-वाचता येत होते का, अक्षरांत बोलीच्या खुणा कोठे दिसतात, एवढे प्रश्न पुरेत. उत्तरे तिच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता उतरवून घ्यावीत. असे शंभर टिपण एका जिल्ह्यातून जमले तरी स्त्रियांच्या साक्षरतेचा, बोलींचा आणि नातेसंबंधांचा एक दस्तऐवज सिद्ध होईल. तो लावण्यासाठी जागा शोधावी लागणार नाही. मुलींनी करून दिलेला कापडी फलक विभागाच्या भिंतीवर आहेच. पहिली टिपणे त्याच्याच नाड्यांखाली लागू द्यावीत.